पंखाच्या टोकाचे सात मिलिमीटर

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या 1:72 प्रमाणातल्या प्लॅस्टिक किटमध्ये पंखाच्या टोकापाशी एक बारीक रेघ कोरलेली असते. नवख्याचं तिच्याकडे लक्षही जात नाही. पण साध्या ‘मार्क 5’ आवृत्तीच्या किटमधून दुर्मीळ ‘मार्क 6’ घडवायचं असेल, तर करवतीचं पातं नेमकं याच रेघेवर टेकवावं लागतं. कारण खऱ्या विमानातही बदल इथेच झाला होता. स्पिटफायरच्या पंखांची टोकं सुटी असत. खाली लढायचं असेल तर ती काढून टाकायची, एरवी नेहमीची गोलसर ठेवायची आणि फार उंच जायचं असेल तर लांब, निमुळती लावायची.

मार्क 5चा पंखविस्तार 36 फूट 10 इंच, मार्क 6चा 40 फूट 2 इंच. म्हणजे दोन्ही बाजू मिळून 40 इंच जास्त, एका बाजूला 20. याला 72ने भागलं की उरतात जेमतेम सात मिलिमीटर.

72 हा आकडा चमत्कारिक वाटतो, पण फूट-इंचांत मोजणाऱ्यांना तो सोयीचा: सहा फुटांचा एक इंच. सहा फूट उंच वैमानिक इथे बरोब्बर एक इंचाचा होतो. 1942मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून याच प्रमाणातली पाच लाख मॉडेल्स मागवली होती. गोळी झाडण्याआधी समोरचं विमान कुणाचं हे सैनिकांना ओळखता यावं, म्हणून. या जगात मोजमापाची नजरच बदलते. डोक्यावरचा केस 72 पट केला तर पाचेक मिलिमीटर जाडीची तार होते. किटवर कोरलेली 0.2 मिलिमीटरची खाच खऱ्या विमानावर चौदा मिलिमीटरची फट झाली असती! म्हणजे अतिशय नाजूक वाटणारं कोरीवकामही प्रत्यक्षात अतिशयोक्तीच असते. ती डोळ्यांना हवी असते म्हणून आपण चालवून घेतो.

तर, ते सात मिलिमीटर. जर्मनांचं युंकर्स 86 हे विमान 40 हजार फुटांच्याही वर जाऊ लागलं होतं; त्याला गाठायचं होतं. तिथे हवेची घनता जमिनीवरच्या सुमारे एक चतुर्थांश. इतक्या विरळ हवेत वजन तोलायचं तर पंखाला नाक वर करून उडावं लागतं, टोकांपाशी हवेचे भोवरे वाढतात आणि विमान मागे खेचलं जातं. पंख लांब केला की हा ओढा कमी होतो. प्रोपेलरला तीनऐवजी चार पाती आली ती याच कारणाने: पातळ हवेला पकड घ्यायला जास्त पृष्ठभाग. मॉडेलवाल्याला हे चौथं पातं मार्क 9च्या किटमधून मिळतं. म्हणून या छंदातली माणसं उरलेला एकही तुकडा फेकत नाहीत, आणि घरचे वैतागतात.

टोक घडवणं मात्र कष्टाचं. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार, त्यामुळे सरळ पट्टी जोडून भागत नाही. प्लॅस्टिकच्या पत्र्याचे दोन-तीन थर चिकटवायचे, ढोबळ आकार कापायचा आणि मग पॉलिश पेपरने घासत बसायचं. यातला गोंद खरं तर गोंद नसतोच. तो द्रावक असतो. दोन्ही कडा विरघळवून तो त्यांना एकजीव करतो आणि स्वतः उडून जातो. सांध्यात लांबी भरून, वाळवून पुन्हा घासायचं. वरून वक्र, खालून वक्र, पुढची कड मागे झुकत जाणारी आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. बोट फिरवलं तर सांधा लागू नये. बोटाला कळत नाही ते रंगाच्या पहिल्या हातात उघडं पडतंच.

खरी गंमत कॉकपिटची. मार्क 6ची केबिन हवाबंद होती. आपल्या कुकरमध्ये दर चौरस इंचाला साधारण 15 पौंड जादा दाब असतो. इथे फक्त दोन पौंडांचा होता. पण तेवढ्यानेही 37 हजार फुटांवरच्या वैमानिकाला 28 हजार फुटांवर असल्यासारखं वाटे, म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्याहून थोडं खाली. ऑक्सिजनचा मास्क तरीही लागेच. या दाबापायी बाजूचं छोटं दार गेलं, सरकणारं छत गेलं. त्याजागी आलेलं छत चार खटक्यांनी घट्ट बसवत आणि रबरी नळी फुगवून फटी बुजवत. संकटात ते उडवून देता येई, पण एरवी उड्डाणात उघडत नसे. मॉडेलवर म्हणून दाराची कोरलेली चौकट लांबीने बुजवायची, छताचे रूळ घासून काढायचे आणि उजवीकडच्या एक्झॉस्ट नळ्यांखाली तांदळाएवढा फुगवटा बसवायचा. केबिनला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरचं ते तोंड.

रंग कुणाचे द्यायचे? मराठी माणसाने 124 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे द्यावेत, असं माझं सरळ मत. तिचं अधिकृत नाव ‘बडोदा स्क्वाड्रन’. बडोद्याच्या गायकवाडांच्या देणगीतून उभी राहिलेली, बोधचिन्हावर मुंगूस. 1942मध्ये मार्क 6 हिच्याकडे होतं. वरून गडद हिरवा आणि निळसर करडा, खालून फिकट करडा, आणि धडावर ‘ओ-एन’ ही अक्षरं.

एवढा खटाटोप करून मार्क 6 फारसं यशस्वी झालं नाही, हेही सांगायला हवं. जेमतेम शंभरेक बनली. 12 सप्टेंबर 1942 रोजी साउदम्प्टनवर 40 हजारांहून अधिक फुटांवर युंकर्सला गाठलं ते इमॅन्युएल गॅलिट्झिनने, तेही वजन उतरवलेल्या मार्क 9मधून. त्याला हवाबंद केबिन नव्हती. पण इंजिनात हवा दोन टप्प्यांत दाबून भरणारा सुपरचार्जर होता. पंखापेक्षा इंजिनाने बाजी मारली. युंकर्स त्या दिवशी निसटलं, पण अशा विमानांचा निर्धास्तपणा संपला.

हे करून पाहायचं असेल तर पहिला किट स्वस्तातला घ्या, आणि करवत उचलण्याआधी आपण बनवणार त्याच विमानाचा जुना फोटो शोधा. छापील आराखड्यांवर विसंबू नका. एकाच मार्कची दोन विमानंही पुष्कळदा सारखी नसत.