व्हिसेरा अहवालाला वेळ का लागतो?

आकस्मिक मृत्यूनंतर शवविच्छेदन होते, अंत्यविधीही पार पडतो. परंतु ‘मृत्यूचे कारण राखून ठेवले आहे’ एवढाच शेरा कुटुंबीयांच्या हाती येतो. आठवड्यांमागून आठवडे लोटतात आणि मनात शंका घर करते. सकाळी दिलेल्या रक्ताचा अहवाल संध्याकाळी मिळतो, मग येथेच विलंब का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या दोन तपासण्यांतील मूलभूत भेदात आहे.

रक्त-लघवीच्या नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन असे ठरावीक घटक मोजले जातात. काय मोजायचे हे आधीच ठाऊक असते आणि निरोगी व्यक्तीतील त्यांचे प्रमाणही निश्चित असते. विषशास्त्रीय तपासणीत मात्र बाहेरून शरीरात गेलेल्या पदार्थाचा शोध घ्यावयाचा असतो. तो कीटकनाशक असेल, औषध असेल किंवा मद्य. थोडक्यात, पहिली तपासणी शरीराची अवस्था सांगते, तर दुसरी त्यामागील विषाचा शोध घेते.

जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने १०० हून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, रक्ताची आम्लता वाढते व दृष्टीही जाऊ शकते. वाढलेली आम्लता रुग्णालयातील तपासणीत कळते. परंतु ती गंभीर मधुमेहातही आढळते. मिथेनॉलच होते हे सिद्ध करण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी पद्धत वापरावी लागते.

शवविच्छेदनाच्या वेळी जठर, आतड्याचा भाग, यकृत व मूत्रपिंड यांचे नमुने सामान्यतः मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. बाटल्या मोहोरबंद करून पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात. नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला, याची नोंद ठेवली जाते. प्राथमिक चाचणीत काही आढळल्यास दुसऱ्या, अधिक अचूक पद्धतीने त्याची खातरजमा करतात; कारण हा अहवाल न्यायालयात पुरावा ठरतो. त्यात प्रलंबित प्रकरणांचीही भर पडते.

या अहवालालाही मर्यादा आहेत. ‘विष आढळले नाही’ याचा अर्थ ते नव्हतेच, असा नेहमी होत नाही; उपचारांत दिवस गेले असल्यास काही विषे शरीरातून नाहीशी होतात. विष आढळले, तरी ते अपघाताने गेले, स्वतः घेतले की कोणी दिले, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. तो तपासाचा विषय होय.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विषबाधेचा संशय येताच अहवालाची वाट न पाहता रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे व विषाची बाटली किंवा वेष्टन सोबत न्यावे. आणि शेजारच्या घरी असा अहवाल यावयाचा असेल, तर तर्ककुतर्क टाळावेत. शोकाकुल कुटुंबाला त्या दिवसांत आपल्या निष्कर्षांची नव्हे, सोबतीची गरज असते.