न भांडणारा बँड

कुमारवयीन मुलांसाठी बेतलेलं पॉप संगीत म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. चेहरे कंपनीने निवडायचे, गाणी भाडोत्री गीतकारांनी लिहायची आणि पोरांनी खाऊचे पैसे ओतायचे, हा कसला कलाव्यवहार? वर्णन बरोबर आहे. पण या धंद्यात नाडला जातो तो श्रोत्यापेक्षा कलाकार. अमेरिकेत सप्टेंबर १९६६मध्ये एनबीसीवर सुरू झालेल्या ‘द मंकीज’ मालिकेतला चौघांचा बँड जाहिरात देऊनच जमवला होता. संगीताची सूत्रं डॉन कर्शनर यांच्याकडे होती. बहुतेक वाद्यं स्टुडिओतले वादक वाजवत, चौघांनी गायचं आणि पडद्यावर दिसायचं. गाणी तुफान खपली, तरी वाजवू आम्हीच, असा हट्ट त्यांनी धरला. चौघांपैकी चिडलेल्या माइक नेस्मिथ यांनी तर एका बैठकीत हॉटेलच्या भिंतीत ठोसा हाणला. १९६७मध्ये कर्शनर यांनाच जावं लागलं. पुढे त्यांनी ‘द आर्चीज’ या कार्टून मालिकेतल्या बँडचं संगीत हाती घेतलं. चित्रातली पोरं मानधन मागत नाहीत की भिंतीही फोडत नाहीत. जेफ बॅरी आणि अँडी किम यांनी लिहिलेलं, रॉन डँटे यांनी गायलेलं ‘शुगर, शुगर’ बिलबोर्डच्या यादीत १९६९चं सर्वांत यशस्वी गाणं ठरलं. आर्चीजच्या तबकड्या नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावरही छापल्या गेल्या: पुठ्ठा कात्रीने गोल कापायचा आणि थेट प्लेअरवर लावायचा!

हे सगळं खोटं, असं कुणी म्हणेल. पण चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, यावर सिनेसंगीत ऐकत वाढलेल्या आपण तरी आक्षेप घेऊ नये. फरक इतकाच, की आपल्याकडे पार्श्वगायकाला स्वतःचं नाव मिळालं. डँटे यांच्या तबकडीवर मात्र कलाकार म्हणून ‘द आर्चीज’ छापलेलं होतं. माझी तक्रार आहे ती इथे. गाण्याच्या दर्जाबद्दल म्हणाल, तर सोल संगीतातले दिग्गज विल्सन पिकेट यांनी १९७०मध्ये तेच गाणं आपल्या ढंगात गायलं आणि तेही चाललं. खरखरीत गळ्याच्या गायकालाही पेलावंसं वाटलं, म्हणजे चालीत दम होता. राहता राहिला मुलांना काहीही विकता येतं हा आक्षेप. तसं असतं तर साचा तयारच होता: तीच जोडी, तोच गळा, तीच मालिका. तरीही अमेरिकेत आर्चीजचं दुसरं एकही गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं नाही.