पहिला भाग कुठे आहे? पुस्तकमालिकेची कालरेषा वर्गात कशी तयार कराल



मागच्या वर्षी आमच्या वर्गाच्या वाचन कोपऱ्यात 'फास्टर फेणे'चा संच आला. भा. रा. भागवतांची वीस पुस्तकं. मी हौसेनं प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर 1 ते 20 आकडे टाकले. मोजायला सोपं, मांडायला सोपं. आठवड्याभरात लक्षात आलं की 1 नंबरचं पुस्तक एक मुलगा घरी घेऊन गेला आहे आणि बाकीची एकोणीस तशीच पडून आहेत. का वाचत नाही, असं विचारलं तर पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पयला नंबर नाही न. मंग दुसरा कसा वाचू?"

खरं सांगायचं तर माझ्या आकड्यांना काहीच अर्थ नव्हता. खोक्यातून पुस्तकं जशी निघाली, तसे ते टाकले होते. पण मुलांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि वाट पाहत बसली. आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत पुस्तकं आधीच कमी. त्यात जी आहेत तीही एका आकड्यामुळे न वाचता राहिली, तर दोष कुणाचा?

म्हणून आज हा विषय. एकाच पात्राची किंवा एकाच काल्पनिक जगाची पुष्कळ पुस्तकं असली, तर त्यांची कालरेषा कशी बनवायची? इतिहासाच्या पाठात मुलं कालरेषा शिकतातच. तीच पद्धत गोष्टींच्या पुस्तकांना लावायची. मात्र एक गोष्ट पक्की धरा: ही कालरेषा वाचणाऱ्या मुलासाठी आहे. 'आता मी कोणतं पुस्तक उचलू?' याचं उत्तर त्याला तिथे मिळालं पाहिजे.

आधी तीन क्रम वेगळे करा

पुस्तकमालिकेला एक क्रम असतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तीन असतात.

1. प्रकाशनाचा क्रम: लेखकानं कोणतं पुस्तक आधी छापलं.
2. कथेतला क्रम: त्या जगात कोणती घटना आधी घडली.
3. वाचनाचा क्रम: नव्या वाचकानं कोणतं आधी वाचलं तर जास्त मजा येईल.

काही मालिकांत हे तिन्ही एकच असतात. हॅरी पॉटर घ्या. 1997 ते 2007 या काळात सात पुस्तकं आली आणि ती मुलं त्याच क्रमानं मोठी होत जातात. तिथे 1 ते 7 आकडे टाका, काही बिघडत नाही.

आता सी. एस. लुईस यांची नार्नियाची सात पुस्तकं पहा. 1950 मध्ये पहिलं आलं ते 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'. त्यात चार भावंडं एका कपाटातून बर्फाळ जंगलात जातात आणि तिथे मधोमध रस्त्यावरचा दिवा उभा असतो. हा दिवा इथे कसा आला, हे कोडं वाचकाच्या मनात राहतं. त्याचं उत्तर आहे 'द मॅजिशियन्स नेफ्यू' या पुस्तकात. ते प्रकाशनात सहावं, 1955 सालचं. पण कथेच्या हिशेबानं सगळ्यात आधीचं. पुढे प्रकाशकांनी कथेचा क्रम धरून त्यालाच 1 आकडा दिला. त्या आकड्यानं जाणाऱ्या मुलाला दिव्याचं उत्तर आधी मिळतं आणि प्रश्न नंतर. कोडं सांगण्याआधीच उत्तर सांगून टाकल्यासारखं होतं ते.

म्हणून कार्डावर नुसता आकडा लिहू नका. 'प्रकाशन 1950' असं निळ्या पेननं आणि 'कथेत दुसरं' असं लाल पेननं लिहा. कोणता रंग कशाचा, ते कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

कथेतली वर्षं कशी शोधायची?

बरेच लेखक साल सांगत नाहीत. मग धागे पकडावे लागतात. मुलांना हे काम फार आवडतं. हॅरी पॉटरच्या दुसऱ्या पुस्तकात निक नावाचं भूत आपला पाचशेवा मृत्युदिन साजरा करतं आणि केकवर त्याच्या मृत्यूचं साल असतं 1492. मुलांना बेरीज करू द्या: 1492 अधिक 500 म्हणजे 1992. म्हणजे दुसऱ्या पुस्तकातला तो प्रसंग 1992 सालचा. पुस्तक छापलं गेलं 1998 मध्ये. एका बेरजेत गणितही झालं आणि 'छापल्याचं साल' व 'घडल्याचं साल' यांतला फरकही कळला.

असा धागा सापडला की तो कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवायचा: 'हे साल आम्ही कशावरून काढलं.' आधार लिहायची ही सवय मुलांना इतिहासातही उपयोगी पडते.

तारखा जुळत नसतील तर?

मालिका लांबली की लेखकही चुकतो. त्याचं सगळ्यात गमतीचं उदाहरण आहे ज्यूल व्हर्न. त्याच्या कथा भागवतांनीच मराठी मुलांसाठी आणल्या, म्हणून फास्टर फेणेच्या शेजारी त्या शोभतातही.

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' या कादंबरीत पाणबुडीचा गूढ कॅप्टन निमो भेटतो. ती कथा 1866 ते 1868 या काळात घडते. पुढे 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये कळतं की हा निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कार, 1857 च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला. (हे सांगितल्यावर आपली मुलं सावरून बसतात!) आता घोळ पहा. या दुसऱ्या कादंबरीत 1865 मध्ये काही माणसं बेटावर येऊन पडतात आणि 1868 मध्ये म्हातारा निमो त्यांच्यासमोर प्राण सोडतो. पाणबुडीवरच्या त्या जुन्या प्रसंगाला तेव्हा सोळा वर्षं होऊन गेली आहेत असा उल्लेख तिथे येतो. पण पहिल्या पुस्तकाप्रमाणे तो प्रसंगसुद्धा 1868 मध्येच संपतो! हिशेब कसाही केला तरी बसत नाही. मूळ पुस्तकातच तळटीप देऊन तारखांतली ही विसंगती मान्य केली आहे.

अशा वेळी आपण काय करायचं? मनानं तारीख बदलून जुळवून टाकायची नाही. दोन्ही कार्डं लावायची, दोन्हींवर पुस्तकात दिलेलं साल लिहायचं आणि मध्ये एक पिवळी चिठ्ठी: 'इथे तारखा जुळत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?' आमच्या वर्गात ही पिवळी चिठ्ठी सगळ्यात जास्त वाचली गेली. छापील पुस्तकातही चूक असू शकते आणि ती आपल्याला सापडू शकते, हे मुलांना पहिल्यांदाच कळलं.

सालापेक्षा ओळख महत्त्वाची

सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा 1965 मध्ये 'संदेश' या बंगाली मासिकातून सुरू झाल्या. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे त्या मराठीत वाचता येतात. यातलं प्रत्येक रहस्य स्वतंत्र आहे, कोणतंही आधी वाचलं तरी उलगडा समजतो. पण एक अडचण आहे. फेलूदा आणि तोपशे यांच्याबरोबर पुढे जटायू हा गमत्या लेखक असतो. तो त्यांना पहिल्यांदा भेटतो 'सोनार केल्ला' या 1971 च्या कथेत, रेल्वेच्या डब्यात. नंतरची कथा आधी वाचली तर 'हा कोण बुवा?' असं होतं आणि ओळख होण्याची गंमत जाते.

तेव्हा अशा मालिकेच्या कार्डावर सालाखाली एक ओळ टाका: 'या पुस्तकात पहिल्यांदा भेटतो: जटायू.' बाकी क्रम मोकळा ठेवा.

शेवट फोडू नका

कालरेषा करताना मोठ्यांकडून हमखास होणारी चूक ही. आपल्याला सगळं माहीत असतं, म्हणून आपण 'अमक्याचा मृत्यू', 'तमका खरा चोर निघतो' असं लिहून मोकळे होतो. मी साधा नियम ठेवला आहे. पुस्तकाच्या पहिल्या दहा पानांत जे कळतं, तेवढंच कार्डाच्या दर्शनी बाजूला. पुढचं काही लिहायचंच असेल तर ते घडीच्या आत, आणि घडीवर सूचना: 'वाचून झालं असेल तरच उघडा.' निमो कोण होता, हे आम्ही घडीच्या आतच लिहिलं आहे. तुम्हाला वर सांगून टाकलं, कारण वर्गात ते तुम्हाला राखून ठेवायचं आहे.

प्रत्यक्ष कृती

साहित्य: सुतळी, कपडे वाळत घालायचे चिमटे, जुन्या कॅलेंडरची पानं किंवा पुठ्ठा, तीन रंगांचे स्केच पेन.

भिंतीवर सरळ रेघ मारून त्यावर लिहू नका. सुतळी बांधा आणि चिमट्यांनी कार्डं लावा. नवं पुस्तक आलं, चूक सापडली, की कार्ड सरकवता येतं.

अंतराचं काय? एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर, असं प्रमाण आधी आपल्याच गावावर करून दाखवा. वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी. ते कार्ड आजपासून वीतभर अंतरावर येईल. पण आपलं वाशिम वत्सगुल्म या नावानं वाकाटकांची राजधानी होतं, त्याला सुमारे दीड हजार वर्षं झाली. ते कार्ड लावायला पंधरा मीटर लागतील, म्हणजे वर्गाबाहेर व्हरांड्यात जावं लागेल! मुलं स्वतः पावलं टाकून पाहतात आणि मग त्यांनाच सुचतं की मोठ्या अंतरावर सुतळीला गाठ मारावी आणि 'मध्ये खूप वर्षं गेली' असं लिहावं. गोष्टींच्या जगातही हीच गाठ वापरा.

सिनेमा आणि मालिका यांची सुतळी वेगळी, खाली बांधा. 1987 मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन फास्टर फेणे झाला होता. 2017 च्या चित्रपटात अमेय वाघ आहे आणि तिथला फेणे शाळकरी राहिलेला नाही. चित्रपटात तर भा. रा. भागवत हेही एक पात्र आहे, दिलीप प्रभावळकरांनी केलेलं. हे सगळं पुस्तकांच्याच सुतळीवर लावलं तर मुलांचा गोंधळ उडतो.

आणि फास्टर फेणेचं काय झालं?

सगळं शिकून मी पुन्हा त्या वीस पुस्तकांकडे आले आणि तिथे कालरेषा चालेना. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल हाणतो, 'टॉक्क' करतो आणि पुस्तकामागून पुस्तक आलं तरी शाळकरीच राहतो. त्याचं वय पुढे सरकत नाही, मग कथेतला क्रम कशावरून लावणार?

उत्तर मुलांनीच दिलं. पुस्तकांची नावं वाचता वाचता एकजण म्हणाला, "हा तं नुस्ता फिरतेच न मॅडम!" 'फुरसुंगीचा फास्टर फेणे', 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'काश्मिरी करामत', 'गुलमर्गचे गूढ'. बरोबर होतं त्याचं. मग आम्ही सुतळी सोडली आणि भारताचा नकाशा घेतला. ज्या पुस्तकाचं गाव कळलं, त्याचं कार्ड त्या गावाजवळ. 'चक्रीवादळात फास्टर फेणे'सारखं ज्याचं गाव नावावरून कळत नाही, ते बाजूला, 'वाचून सांगा' अशा चौकटीत. ती चौकट भरायची असेल तर पुस्तक वाचावंच लागतं!

पाठीवरचे आकडे मी त्या दिवशी खरवडून काढले. नकाशावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'कुठूनही सुरू करा.' ती 'पयला नंबर' मागणारी मुलगी 'प्रतापगडावर फास्टर फेणे' घेऊन गेली. शिवरायांच्या पाठात प्रतापगड तिनं वाचला होता, म्हणून तिला ते ओळखीचं वाटलं. दोन दिवसांनी परत आणून दिलं आणि नकाशाकडे बोट दाखवून विचारलं, "आता काश्मीरचं देता का?"

पालकहो, घरी दोन-तीनच पुस्तकं असली तरी एवढं जरूर करा. मुलानं 'पहिला भाग आणा, मग वाचतो' म्हटलं, तर खरंच पहिला भाग लागतो का, हे आधी पहा. लागत असेल तर तो मिळवून द्या, शाळेत सांगा, आम्ही शोधू. लागत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि हातात आहे ते पुस्तक उघडून पहिलं पान त्याच्यासोबत वाचा.