‘एनेबल’ म्हणजे ‘सुरू’ नव्हे

लिनक्सवर सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) ‘एनेबल’ केली की ती लगेच सुरू होते, असा समज सर्रास आढळतो. ‘सिस्टमडी’ (२०१० साली आलेली, सर्व्हिसेस सांभाळणारी व्यवस्था) मात्र या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. बारामती-इंदापूरला पाणी देणाऱ्या नीरा डाव्या कालव्यावर पाणीअर्ज मंजूर झाला की शेतकऱ्याचे नाव पाळीत लागते; पाणी मात्र आवर्तन सुटल्यावरच येते. ‘एनेबल’ ही तशीच नोंद, पुढच्या बूटपासून (संगणक चालू होण्यापासून) लागू होणारी. ‘स्टार्ट’ने सर्व्हिस आत्ता चालते, पण रीबूटनंतर आपोआप सुरू होत नाही. मग एकच आज्ञा का नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण नवी सर्व्हिस कायमची लावण्याआधी चालवून पाहता यावी, यासाठी ही फारकत मला योग्यच वाटते. दोन्ही एकदम हवे असल्यास ‘एनेबल’ला ‘नाऊ’ हा पर्याय जोडता येतो.