पैठणी हातमागाची की यंत्रमागाची? पदर उलटून पाहा!

लग्नसराईत थेरगावच्या डांगे चौकातून पैठणी घ्यायला निघालात? मग आधी पदराची उलटी बाजू पाहा.

हातमागावर मोर, मुनिया, कमळाच्या प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. रंग संपतो तिथूनच विणकर धागा मागे वळवून शेजारच्या धाग्यात अडकवतो. त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. यंत्रमागाच्या पदरामागे मात्र सुटे किंवा कापलेले धागे दिसतात.

हातमागाला वीज लागत नाही, पण एका साडीला कित्येक आठवडे लागतात. नक्कल हातमागाच्या भावात घेतली, तर येवला-पैठणच्या विणकराच्या हाती काहीच पडत नाही. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पैसे देण्याआधी ‘हँडलूम मार्क’ आणि ‘सिल्क मार्क’ही तपासा.