लॅपटॉप सुरू झाला, पण कारण सापडलं का?

समजा, तुमच्याकडे दहा वर्षं जुना लॅपटॉप आहे. नवा घेण्याइतके पैसे नाहीत, म्हणून तुम्ही रॅम वाढवली, हार्ड डिस्क काढून तिची क्लोन केलेली एसएसडी बसवली, आणि उघडलाच आहे तर मदरबोर्डवरचा बटणासारखा छोटा सेलही बदलला. झाकण लावून बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच!

अशा वेळी बहुतेक जण सगळं काढतात, पुसतात, पुन्हा बसवतात. कधी कधी लॅपटॉप सुरूही होतो. पण चूक नेमकी कुठे होती, ते कळत नाही. मग महिन्याभराने तो पुन्हा अडतो आणि आपण चांगली रॅम फेकून दुसरी विकत आणतो. संशोधनात हीच सवय जास्त महाग पडते, म्हणून हे उदाहरण नीट बघू.

१. आधी बघा, गाडी कुठे अडली

बटण दाबल्यावर कामं ठरलेल्या क्रमाने होतात. आधी वीज पोचते, मग बायोस रॅम वगैरे तपासतं, मग डिस्क शोधतं, आणि शेवटी विंडोज किंवा लिनक्स सुरू होतं. त्यामुळे लक्षणावरून टप्पा ओळखता येतो.

- दिवाच लागत नाही: चार्जर, बॅटरीची जोडणी, पॉवर बटणाची पट्टी तपासा.
- दिवा आणि पंखा चालू, स्क्रीन काळी: पहिला संशय रॅमवर.
- कंपनीचा लोगो दिसतो, पण बूट डिव्हाइस सापडत नाही: डिस्क किंवा बायोसची सेटिंग्ज.
- विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन: बरेचदा सेटिंग किंवा ड्रायव्हर.

२. एकाच संशयितावर अडून बसू नका

टी. सी. चेंबरलिन या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १८९० मध्ये 'सायन्स'मध्ये एक लेख लिहिला होता. त्याचा मुद्दा असा, की एकच गृहीतक धरलं की आपण त्याच्या प्रेमात पडतो, म्हणून अनेक गृहीतकं सोबत बाळगावीत.

आपल्या काळ्या स्क्रीनसाठी यादी करू. रॅम नीट बसली नसेल. रॅम खराब असेल. किंवा रॅम चांगली आहे, पण चुकीच्या जातीची आहे: डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर३एल १.३५ वर चालते. दोन्हींची खाच सारखीच, त्यामुळे बसते दोन्ही, पण काही लॅपटॉप फक्त १.३५ वालीच घेतात. शिवाय उघडताना स्क्रीनची केबलही ढिली झाली असेल.

३. एका वेळी एकच बदल

जुनी रॅम आणि जुनी डिस्क परत लावा. सुरू झाला, तर एकेक नवा भाग घाला. दर वेळी चार्जर काढा, बॅटरीही सोडवा.

इथे एक सापळा आहे. जुने भाग परत लावले म्हणजे जुनी स्थिती परत आली, असं नाही. सेल काढल्यावर बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीत जाऊ शकतात. लेगसीचं यूईएफआय झालं किंवा एएचसीआयचं रेड झालं, की चांगली एसएसडीसुद्धा बूट होत नाही. अशा वेळी जुनी डिस्क लावून बघा. तीही चालली नाही, तर दोष एसएसडीचा नसून सेटिंगचा असण्याची शक्यता जास्त.

४. सुरू झाल्यावर खरा प्रश्न विचारा

नवी रॅम काढून जुनी लावली आणि लॅपटॉप चालला. म्हणजे नवी रॅम खराब? अजून सिद्ध झालेलं नाही. तुम्ही एक नाही, दोन गोष्टी केल्यात: रॅम बदलली आणि स्लॉटमध्ये पुन्हा नीट बसवली. कदाचित दुसऱ्या गोष्टीनेच काम झालं असेल.

म्हणून नवी रॅम पुन्हा लावा. पुन्हा बंद पडला, जुनीने पुन्हा चालला, तर पुरावा भक्कम झाला. मग तीच नवी रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये आणि जमलं तर मित्राच्या तशाच लॅपटॉपमध्ये लावा. तिथे चालली, तर रॅम खराब नाही. तुमचा स्लॉट तरी बिघडलाय किंवा तुमच्या लॅपटॉपशी तिचं जमत नाही.

हे सगळं वहीत लिहा: काय बदललं, काय दिसलं, किती वेळा. आणि स्क्रू काढण्याआधी तीन कामं कराच: डेटाचा बॅकअप, बायोसच्या पानांचे फोटो, आणि बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवणं.

उद्या लॅबमध्ये तुम्ही एकाच दिवशी बफर बदलाल, तापमान बदलाल, नवं किट वापराल, आणि हवा तो निकाल येईल. गाइड विचारतील, "कशामुळे आला?" "सगळंच बदललं होतं" हे उत्तर प्रबंधात लिहिता येत नाही.