खाणीभोवतीचं पाणी कसं तपासतात?

चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळसा काढायचा तर आधी पाणी उपसावं लागतं. कोळशाच्या थरांवरचा कामठी वालुकाश्म हा या भागातला महत्त्वाचा जलधर. खाणीचा पंप आणि गावची विहीर, दोघांची भिस्त त्याच्यावरच. म्हणून पर्यावरण मंजुरीत साधारणपणे जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये भूजल तपासण्याची अट असते.

नाल्याचा नमुना खाणीचं पाणी मिसळण्याआधी आणि मिसळल्यानंतर, असा दोन्हीकडून घ्यायचा. नुसत्या खालच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. सामू जागेवरच मोजायचा. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, नाहीतर लोह तळाशी बसतं आणि अहवालात पाणी आहे त्याहून स्वच्छ दिसतं.

कोळसा खाणींच्या सांडपाण्यासाठी २००० सालची मानकं आहेत: सामू ५.५ ते ९, तरंगते कण लिटरमागे १०० मिलिग्रॅम, नायट्रेट-नायट्रोजन १० मिलिग्रॅम. खाणीत नायट्रेट कुठून? सुरुंगाच्या दारूतल्या अमोनियम नायट्रेटमधून.

आम्लाचा धोका विदर्भात तुलनेने कमी, कारण इथल्या कोळशात गंधक थोडं. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत ते भरपूर. तिथल्या काही ओढ्या-नद्यांचा सामू ४ च्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये तिथल्या ‘रॅट होल’ खाणकामावर बंदी घातली.